गवा दारी आला असता

(वन्यजीव सप्ताहानिमित्त फोंडा तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका निवृत्त पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण.)



‘वन्य प्राणी आणि आपण’ असा विषय मला देण्यात आला होता. विषय एवढा विस्तीर्ण आहे की त्यावर काहीही बोलले तरी ते विषयाला धरूनच ठरावे. परंतु सभागृहात येण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी मला शाळेच्या मागील बाजूस नेले आणि पाण्याच्या टाकीजवळच्या चिखलात उमटलेले खुरांचे ठसे दाखविले. ठसे ताजे होते. कालच्या किंवा परवाच्या रात्रीचे असावेत. ते पाहिल्यावर मी ठरविले की वाघ, बिबटा, मगर या सर्वांना आज विश्रांती द्यावी आणि जो प्राणी प्रत्यक्ष आपल्या शाळेच्या भिंतीपर्यंत येऊन गेला आहे, त्या गव्याविषयीच चार गोष्टी सांगाव्यात.

आरंभी माझ्याच घरची हकिगत सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तीत शहाणपण माझ्या वाट्याला आलेले नाही.

२०११ सालचा एप्रिल महिना होता. आमचे घर शहराच्या कडेला नव्याने झालेल्या वसाहतीत आहे. पुढे डांबरी रस्ता, मागे काजूंनी भरलेली टेकडी. हंगामात बोंडूंचा रस काढून उरलेला चोथा मी परसातील कुंपणापलीकडे खतासाठी साठवीत असे. एके दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास माझी पत्नी विहिरीवर गेली आणि परत येऊन म्हणाली, “कोणाची तरी म्हैस सुटून परसात आली आहे, बघा.” मी बाहेर येऊन पाहिले. ती म्हैस नव्हती. चोथ्याच्या ढिगावर गव्याची मादी शांतपणे चरत उभी होती आणि तिच्या पोटाआड तांबूस रंगाचे एक वासरू होते.

त्या वेळी माझ्या नोकरीची पंचवीस वर्षे झाली होती. गाई-म्हशींच्या बाळंतपणांत माझ्या कित्येक रात्री गेलेल्या. वासरू जवळ असलेली गाय कशी वागते हे मला दुसऱ्या कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. तरीही माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी फक्त नव्याने लावलेली चाळीस पोफळीची रोपे आली. घरात चतुर्थीचे उरलेले फटाके होते. मी माळ पेटवून परसात टाकली. वासरू कुंपणाच्या फटीतून टेकडीकडे पळाले. मादी मात्र बिथरून घराला वळसा घालून पुढच्या रस्त्यावर गेली. वासरू मागे राहिले हे कळताच ती हंबरत उलट फिरली आणि आवाज कसला म्हणून पाहण्यास बाहेर आलेले आमचे शेजारी नेमके तिच्या वाटेत सापडले. तिने मान तिरकी करून एकच शिंग मारले. शेजाऱ्यांच्या मांडीचे हाड मोडले. ते वाचले, पण आजही काठीच्या आधाराने चालतात.

पुढे पंचनामा झाला. ‘गव्याने वस्तीत शिरून कोणतेही कारण नसताना हल्ला केला’ असे त्यात लिहिले गेले. पंच म्हणून त्याखाली माझी सही आहे. फटाक्यांचा उल्लेख त्यात नाही. कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. शेजाऱ्यांना मी पुढे सर्व सांगितले. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे त्यांचे मोठेपण. पण कागदावर ते वाक्य अद्याप तसेच आहे आणि ‘विनाकारण हल्ला’ अशी बातमी कोठे वाचली की मला माझी सही आठवते.

आता प्रत्यक्ष या प्राण्याकडे वळू. आपण त्याला गवा किंवा गवारेडा म्हणतो, शहरातील मंडळी बायसन म्हणतात. खरे पाहता तो रेडाही नव्हे आणि बायसनही नव्हे. बायसन हा अमेरिकेतील व युरोपातील वेगळा प्राणी. गवा हा गोकुळातला, म्हणजे आपल्या गाय-बैलांच्या कुळातला आहे. ईशान्येकडील डोंगराळ मुलखात लोक जो मिथुन नावाचा पशू पाळतात, तो त्याचा अगदी जवळचा आप्त. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी पावणेसहा ते सहा फूट उंच असतो आणि त्याचे वजन आठशे ते हजार किलोपर्यंत भरते. आपल्या गोठ्यातील गावठी गाईच्या तिप्पट-चौपट म्हणा. मादी त्याहून लहान. नर काळा, मादी तपकिरी, दोघांच्याही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग. कळपात माद्या व वासरे असतात आणि वडीलधाऱ्या मादीच्या मागे कळप चालतो. वयस्क नर पुष्कळदा एकटा फिरतो. वस्तीत शिरणारा गवा बहुधा असा एकटाच नर असतो. गोवा राज्याने या प्राण्याला राज्यप्राण्याचा मान दिला आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण त्याला लाभलेले आहे.

स्वभावाने तो भित्रा आहे. एवढ्या धिप्पाड जनावराला भित्रे म्हटल्यावर मागच्या बाकांवर काही जण हसले, ते मला दिसले. पण तसेच आहे. त्याचे नाक अत्यंत तीक्ष्ण असते. माणसाचा वास आला की तो नाकातून मोठा फुत्कार टाकतो व झाडीत शिरतो. शांत रानात तो दिवसाही चरतो. माणसांचा वावर वाढला की रात्री चरू लागतो. दोन नर समोरासमोर आले तरी ते लगेच झुंजत नाहीत. आडवे उभे राहून, पाठीचा कणा उंचावून, आपला देह केवढा आहे ते एकमेकांना दाखवितात. बहुतेक वेळा तेवढ्यावर निकाल लागतो. आपल्यासमोर गवा असा आडवा उभा राहिला, तर तो फोटोसाठी उभा राहिला असा समज करून घेऊ नये. तो सूचना देत असतो.

मग असा भित्रा प्राणी घराशी का येतो? ‘रानात खायला राहिले नाही’ असे एका वाक्यात सांगण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. रानात गवताच्या जागा रानमोडीने व्यापल्या, हे आपण सर्व जण पाहतो. चैत्र-वैशाखात ओहोळ आटतात आणि गव्याला रोज पाणी लागते. रस्ते रुंद झाले, रानाचे तुकडे पडले. हे झाले रानाकडील कारण. आपल्याकडील कारण असे की डोंगरउतारावरील भातशेती पुष्कळ ठिकाणी पडीक राहिली. जेथे पूर्वी माणसे राबत, राखण करीत, तेथे आता गवत व झुडपे माजली आहेत आणि ती पार घराच्या पायरीला येऊन भिडली आहेत. रान व घर यांच्यामध्ये जो शेताचा पट्टा होता, तो नाहीसा झाला. त्यातच काजूचा हंगाम म्हणजे गव्याला मेजवानी. पिकलेल्या बोंडूंचा वास त्याला दुरून येतो. माझ्या परसात तर मीच पंगत मांडली होती.

आमच्या खात्याशी संबंधित एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. आपली गुरे रानात चरतात आणि गवे आपल्या पडीक शेतात. दोघे एकाच पाणवठ्यावर पितात. पूर्वी बुळकांडीच्या साथी गुरांकडून रानात जात आणि गव्यांचे कळपच्या कळप मरत. लसीकरणाने त्या रोगाचा नायनाट झाला. भारत २००६ साली बुळकांडीमुक्त ठरला व २०११ साली सारे जग. परंतु लाळ-खुरकूत अद्याप आहे. म्हणून गुरांना लस टोचण्यास कर्मचारी येतात तेव्हा ‘आमची गुरे धडधाकट आहेत’ असे सांगून त्यांना परत पाठवू नये.

गवा मनुष्यवस्तीत सापडला म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे पुण्यास एकाच महिन्यात घडली. ती मला फार बोलकी वाटतात.

९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी पुण्याच्या कोथरूड भागात, महात्मा सोसायटीच्या परिसरात एक गवा शिरला. आजूबाजूस इमारती, भिंती, फाटके. बातमी पसरताच लोक जमले, मोबाइल घेऊन मागे धावू लागले. गवा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, भिंतींवरून, फाटकांवरून उड्या घेत धावत राहिला, जखमी झाला. अखेर काही तासांनी बेशुद्धीचे औषध देऊन त्याला पकडण्यात आले आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो मरण पावला.

हे का होते, ते पशुवैद्य म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. एवढ्या जड देहाचे जनावर दीर्घकाळ जीव घेऊन पळाले की त्याच्या स्नायूंत आम्ल साठते, स्नायू आतून फाटू लागतात, अंगातील उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि ताप भडकतो. याचा भार हृदयावर व मूत्रपिंडांवर पडतो. असे जनावर पकडले न गेले तरी कधी कधी दोन-चार दिवसांनी मरते. त्यात बेशुद्धीचे औषध म्हणजे जादू नव्हे. बंदुकीतून सुई लागली आणि जनावर जागीच आडवे झाले, असे चित्रपटात होते. प्रत्यक्षात औषध भिनण्यास काही मिनिटे जातात आणि भेदरलेल्या जनावराला त्याहून अधिक. तेवढा वेळ ते धावतच असते. शिवाय गवा रवंथ करणारा आहे. तो कुशीवर पडून राहिला तर आपल्या बैलाप्रमाणेच त्याचेही पोट फुगते व श्वास कोंडतो. त्याला छातीवर बसते करून मान वर धरावी लागते. आठशे किलोच्या देहाला भोवती हजार माणसे ओरडत असताना छातीवर बसते करणे किती कठीण आहे, याची कल्पना आपणच करावी. आपण ‘डॉक्टर आले, आता इंजेक्शन द्या’ असा आग्रह धरतो, तेव्हा पुष्कळदा आपण त्या जनावराच्या मरणाचाच आग्रह धरीत असतो.

दुसरी घटना २२ डिसेंबर २०२० ची, म्हणजे अवघ्या तेरा दिवसांनंतरची. पुण्यातच पाषाण-बावधन बाजूस आणखी एक गवा दिसला. या वेळी पहिल्या प्रसंगातून सर्वांनीच धडा घेतला होता. लोकांना दूर ठेवण्यात आले, रानाकडील वाट मोकळी ठेवण्यात आली आणि तो गवा जिवंत झाडीत परत गेला. एकाच जातीचे दोन प्राणी, एकच शहर, एकच महिना. फरक पडला तो गर्दीमुळे. पुढील वर्षी, २०२१ च्या डिसेंबरात, कोल्हापूर शहराच्या आसपास गवे आले तेव्हा शहरालगतच्या गावात एका तरुणाचा गव्याच्या हल्ल्यात प्राण गेला. म्हणजे हा केवळ जनावरावरील दयेचा प्रश्न नाही, हेही ध्यानात ठेवावे. बिथरलेला गवा आपली वाट अडविणाऱ्याला पाहून घेत बसत नाही.

तेव्हा गवा दारी आला असता करावयाचे काय? माझे उत्तर ऐकून आपली निराशा होईल, कारण करावयाचे फार थोडे आहे आणि न करावयाचे पुष्कळ आहे. घरातील माणसांनी घरात थांबावे. कुत्रा बांधून ठेवावा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कुत्रा गव्यावर भुंकून धावतो आणि गवा उलटला की सरळ आपल्या धन्याच्या पायांत येऊन लपतो. मागोमाग गवाही येतो. रानाकडचे फाटक उघडता येत असेल तर आडोशाने जाऊन उघडावे आणि त्या बाजूस कोणीही उभे राहू नये. फटाके, डबे, दगड, मशाली यांपैकी काहीही वापरू नये. वनक्षेत्र कार्यालयास कळवावे, तेथे फोन लागला नाही तर ११२ वर. त्यानंतर वाट पाहावी. बहुतेक गवे ज्या वाटेने आले त्याच वाटेने अंधार पडताच निघून जातात.

पायवाटेवर अवचित गाठ पडली तर पळत सुटू नये. गव्याच्या वेगाशी आपली बरोबरी नाही. पाठ न वळविता हळूहळू मागे सरावे आणि झाड, भिंत, दगडांचा बांध असे काहीतरी त्याच्या व आपल्या मध्ये येऊ द्यावे. वासरू दिसले पण मादी दिसली नाही, तर ती जवळच आहे असे समजावे. रात्री दुचाकीवरून येताना गवा रस्ता ओलांडताना दिसला तर दूर थांबावे, हॉर्न वाजवू नये, आणि एक गेला म्हणून लगेच गाडी पुढे काढू नये. मागे कळप असतो.

आता अधिकारी मंडळींना एक विनंती. अशा प्रसंगी पंचायत, पोलीस, वनखाते, अग्निशामक दल असे चौघेही येतात आणि चौघेही हुकूम सोडतात. त्या ठिकाणी एकाच अधिकाऱ्याचा शब्द चालावा आणि तो वनखात्याचा असावा. पोलिसांनी गव्याला वेढा घालू नये, लोकांना वेढा घालावा. वस्तीकडे जाणाऱ्या गल्ल्या बंद कराव्यात, रानाची बाजू मोकळी ठेवावी. आणखी एक गोष्ट. कठडा नसलेल्या विहिरींत गवे पडतात. त्यांना बाहेर काढण्यासाठी यंत्रे आणावी लागतात, तो खर्च कठड्याच्या खर्चाहून कितीतरी अधिक असतो.

ग्रामस्थांच्या मनातील प्रश्न मला ठाऊक आहे. “साहेब, गवा वाचला पाहिजे हे मान्य, पण आमचे कुळागर कोणी वाचवायचे?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही. एका रात्रीत वर्षभराची केळी जातात, ते मी पाहिले आहे. सौर कुंपणाने काही प्रमाणात आळा बसतो. त्यातील झटका जनावर मागे फिरण्यापुरताच असतो, मरण्याइतका नसतो. मात्र तारेखालचे गवत सतत कापावे लागते, अन्यथा प्रवाह गवतातून जमिनीत उतरतो व कुंपण नुसते शोभेचे उरते. घरगुती विजेची तार कुंपणास जोडणे हा गुन्हा आहे. तीत गव्याइतकाच शेजाऱ्याचा मुलगाही सापडू शकतो. नुकसानीचा अर्ज त्याच दिवशी करावा, पंचनामा होईपर्यंत ठसे व मोडलेली झाडे तशीच ठेवावीत.

आणि भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, हे मी सरकारी व्यासपीठावरून, सरकारी अधिकारी समोर बसले असताना म्हणतो. २०२० च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या क्षेत्रात, एक वाघीण व तिचे तीन बछडे मृतावस्थेत आढळले. वाघाने मारलेल्या गुराच्या शवातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. जे घडले त्याचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु ज्याचे जनावर गेले त्याला सरकारची माणसे लवकर भेटली पाहिजेत, विषाची बाटली त्यांच्या आधी भेटता कामा नये. अर्जावर शेरे मारण्यात आम्हा कर्मचाऱ्यांचे आयुष्य गेले. म्हणूनच एका शेऱ्याला किती महिने लागतात, हे मला चांगले ठाऊक आहे.

पंच म्हणून सही करणाऱ्यांना एवढेच सांगतो की हल्ल्याचा पंचनामा लिहिताना हल्ल्यापूर्वीच्या अर्ध्या तासात माणसांनी काय केले, तेही लिहावे. फटाके लावले असतील तर फटाके लिहावेत. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे. भरपाई कोणाची अडू नये, हे तर आहेच. पण खरे कारण कागदावर आले नाही, तर पुढच्या गावी पुन्हा तेच होते.

शेवटी आपल्या शाळेविषयी. मी ते ठसे नीट पाहिले. एकाच जनावराचे आहेत, मोठ्या नराचे. ते टाकीच्या गळक्या नळापाशी आले आहेत, तेथून माध्यान्ह आहाराचे उरलेसुरले जेथे टाकले जाते त्या खड्ड्यापर्यंत गेले आहेत आणि ओढ्याकडच्या वाटेने परतले आहेत. वर्गखोल्यांकडे एकही पाऊल वळलेले नाही. नळ आठवड्याभरात दुरुस्त करण्याचे सरपंचांनी मघाशी मान्य केले आहे. खड्डा बुजवून उरलेले अन्न रोज गावात खाली नेण्याची व्यवस्था मुख्याध्यापक करणार आहेत. तोपर्यंत मुलांनी ओढ्याकडच्या वाटेने न येता पुढच्या रस्त्याने यावे, आणि सकाळी पहिले दार उघडणाऱ्याने आधी मागील बाजू खिडकीतून पाहून घ्यावी. गवा दिसलाच तर घंटा वाजवू नये. मुले आत आली असतील तर वर्गाची दारे लावून नेहमीचा पाठ चालू ठेवावा.

ठशांवरून कोणी चालू नये, एवढी कृपा करावी. उद्या सकाळी वनरक्षक ते पाहण्यास येणार आहेत.